तय्यब सुताराचा कललेला खांब

हां, तर तय्यबने चर्चचा मनोरा सरळ केला आणि तिथेच सगळा घोळ झाला!

तय्यब म्हणजे आमच्या दाभोळ खाडीकाठच्या गावचा सुतार. मस्कतला आम्ही दोघं एकाच खोलीत राहायचो. गोष्ट शहाण्णव सालची. तिथल्याच मदिनत सुलतान काबूस वस्तीत राहणाऱ्या हिल्डा मॅडम या इंग्रज शिक्षिकेने त्याला फोटो देऊन आपल्या इंग्लंडातल्या गावचं चर्च लाकडात करायला सांगितलं होतं. महिनाभर खपून त्याने ते नेऊन दिलं. मी सोबत होतोच. मॅडम बघतच राहिल्या.

"तय्यब, मनोरा सरळ आहे."

"होय मॅडम," गडी खूश! "फोटो वाकडा आला होता. मी गुण्या लावून सरळ केला."

मॅडम आधी हसल्या, मग डोळे पुसायला लागल्या. चहा पाजून त्यांनी सगळा इतिहासच सांगितला. सातशे वर्षांपूर्वी ओढ्याकाठी बांधायला घेतलं, अर्ध्यावर पाया खचला. मग प्लेग आला, गवंडीच मेले. तीस वर्षांनी त्यांच्या नातवांनी त्याच कललेल्या भिंतींवर उरलेलं बांधलं. पुढे राजाचं पोपशी बिनसलं, आतल्या चित्रांवर चुना फासला गेला; मनोऱ्याला मात्र कुणी हात लावला नाही.

"लांबून तो कललेला दिसला, की घर आलं," मॅडम म्हणाल्या.

तय्यबने मनोरा पुन्हा केला, वाकडा.

उरलेल्या सागवानात त्याने आमच्या गावची जुनी मशीद करायला घेतली. आदल्याच वर्षी ती पाडून सिमेंटची बांधली होती, नमाजाआधी हातपाय धुवायचा हौज तेवढा जुना राहिला. आम्ही दोघं इकडे, आणि फोटो एकही नाही. छप्पर, पायऱ्या, सगळं त्याला आठवलं. अडला तो हौजाजवळच्या खांबापाशी. तोही कललेला. आमचे बांगी, म्हणजे अजान देणारे, हुसैनमियाँ नमाजानंतर रोज त्यालाच टेकून बसायचे. पण कलला होता कुठे, खाडीकडे की विहिरीकडे? मलाही आठवेना! तय्यबची सुट्टी वर्षभर लांब. आठ दिवस तो बोटभर खांब हातात घेऊन बसायचा.

शेवटी मी वैतागलो. "अरे, लाव सरळ! खांब तर खलास झाला, कोण बघायला येतंय?"

तय्यबने खांब रुमालात गुंडाळला.

"तू पुढच्या महिन्यात गावाला चाललायस ना? हुसैनमियाँना हौजाजवळ त्याच जागी बसव. म्हणावं, टेका. कुठल्या बाजूला कलंडतात, तेवढं बघून ये."