डॉक्टर म्हात्र्यांची विलायती मोटरसायकल

गावात डॉक्टर एकच असला की त्याच्या औषधांपेक्षा त्याच्या गोष्टीच जास्त साठतात. रेवदंड्याला डॉक्टर म्हात्र्यांकडे मी कंपाउंडर होतो. स्वातंत्र्यानंतर मायदेशी निघालेल्या एका गोऱ्या साहेबाची मोटरसायकल त्यांनी घेतली. तेव्हापासून दवाखान्यात पेशंटइतकीच तिचीही विचारपूस व्हायची.

*

इंजिन दोन सिलिंडरचं. डॉक्टर चौलहून निघाले की आवाज इथे यायचा. तो आला की बाकावर गप्पा मारणाऱ्या म्हाताऱ्या पदर सावरायच्या आणि कण्हायला लागायच्या.

*

ओहोटीला किनाऱ्यावरची वाळू घट्ट होते. एका सकाळी डॉक्टरांनी तिथे टॉप गिअर टाकला. काटा ऐंशी मैलांवर गेला, टोपी मागे राहिली. मासळी वाळत घालणाऱ्या हिराबाईने ती उचलून ठेवली आणि डॉक्टर परत आल्यावर विचारलं, "डॉक्टर, इतक्या बेगीन कुठं निघालाव? फुढं तं पानीच हाय."

*

खाडीवर पूल नव्हता. कोर्लईला पेशंट अडलेला, म्हणून गाडी होडीत चढवायची होती. होडीचा तांडेल ऐकेना.

"पाय बांधल्याबिगर घेनार न्हाय. मधीच बिथरलं तं?"

डॉक्टरांनी मुकाट्याने दोन्ही चाकं बांधू दिली. पलीकडे उतरल्यावर तांडेलने टाकीवर थाप मारली. "गरीब हाय जनावर."

*

डॉक्टरांच्या पत्नी कमलताई त्या गाडीवर मागेसुद्धा कधी बसल्या नव्हत्या.

एका दुपारी डॉक्टरांच्याच पोटात कळ उठली. अपेंडिक्स आहे, हे त्यांनी स्वतःच ओळखलं. चेहरा पांढरा पडला होता. अलिबागची एसटी निघून गेली होती, म्हणून मी बैलगाडी बघायला धावलो. ती काही मिळाली नाही. परत येतो तर नऊवारीचा काष्टा आवळून कमलताई मोटरसायकलवर बसलेल्या.

"यांना माझ्या मागे बसवा," त्या मला म्हणाल्या, "आणि धोतराने माझ्या कमरेला बांधा. घट्ट."

एका किकमध्ये इंजिन सुरू झालं. मी रस्त्यात उभा राहून ऐकत होतो. गिअर बदलताना ते एकदाही अडखळलं नाही.

ऑपरेशन वेळेत झालं. थोडा उशीर झाला असता तर अपेंडिक्स फुटलंच असतं, असं सर्जन म्हणाले.

पुढे मी भेटायला गेलो, तेव्हा डॉक्टर उशीला टेकून बसले होते. कमलताई त्यांना पेज भरवत होत्या.

"अगं," डॉक्टरांनी हळूच विचारलं, "तू हे शिकलीस कधी?"

कमलताईंनी चमचा पुढे केला.

"तोंड उघडा. पेज निवतेय."