विरते म्हणजे काय होतं?

पिशव्यांच्या कारखान्यात त्यांना सगळे फुगेवाल्या मावशी म्हणत. वितळलेल्या प्लॅस्टिकचा दोन मजली फुगा न फाटता वर चढवायचा, हे त्यांचं बावीस वर्षांचं काम. तोच फुगा पुढे दाबून त्याच्या पिशव्या होत.

एकदा एक विक्रेता प्लॅस्टिकमध्ये मिसळायच्या नव्या दाण्यांचं पोतं घेऊन आला. "शंभर किलोत एक किलो मिसळा. पिशवी दोन वर्षांत मातीत विरते."

"विरते म्हणजे दिसत नाही, की उरत नाही?" मावशींनी विचारलं.

"एकच झालं ना, मावशी!"

"एक कसं होईल?"

मालक हसले. महिन्याभरात पिशव्यांवर हिरवी ओळ छापली गेली : मातीत विरणारी.

मावशींना ते काही पटेना. त्यांनी शेडमागे बारा खड्डे खणले. नव्या पिशव्यांचे बारा तुकडे आणि जुन्यांचे बारा, बारीक जाळीत बांधून पुरले. तेवढेच तसेच जाळीत बांधून उन्हात टांगले. नणंद कॉलेजच्या प्रयोगशाळेत कामाला होती. तिच्या नाजूक काट्यावर दर तीन महिन्यांनी एकेक तुकडा धुऊन, वाळवून तोलायचा, आणि वजन वहीत लिहायचं. नणंद म्हणायची, "लोक मागच्या अंगणात भाजी लावतात, वहिनी पिशव्या लावतात."

दोन वर्षं झाली. उन्हातल्या नव्या पिशवीचा हात लावताच चुरा व्हायचा. पण जाळीतला चुरा गोळा करून तोलला, तर वजन जवळजवळ तेवढंच. मातीतली पिशवी तर नुसती मळली होती.

मावशींनी वही मालकांच्या टेबलावर ठेवली. "ही विरत नाही. हिचे बारीक तुकडे होतात, आणि ते उचलताही येत नाहीत. ओळ काढा."

"सगळेच छापतात."

"छापू देत. मी मशीनवर असेपर्यंत या पिशवीवर ही ओळ नको."

दुसऱ्या दिवशी त्यांना पॅकिंगला बसवलं. मावशी गुमान गठ्ठे बांधू लागल्या, पण खड्डे काही सोडले नाहीत. डबा खाताना बायका जरा लांबच बसत. उगाच काम बंद पडायचं, ही त्यांची भीती. ते लांब बसणं मात्र मावशींना लागलं.

आठ महिन्यांनी सगळ्यात मोठ्या गिऱ्हाइकानं पिशवी विरते याचा पुरावा मागितला. विक्रेत्यानं फोन उचलणंच सोडलं. मालक स्वतः पॅकिंगला आले. "मावशी, ती वही..."

"देते. पण पूर्ण दाखवायची. अर्धी नाही."

मालकांनी पूर्ण दाखवली. गिऱ्हाईक चिडलं, निम्मी मागणी कापली, उरलेली टिकली. हिरवी ओळ गेली, मावशी मशीनवर परतल्या.

पुढच्या वर्षी दुसऱ्याच जातीचे, पिष्टापासून केलेले दाणे आले. पहिल्या दिवशी फुगा सात वेळा फाटला. मालक वैतागले, "जमणार आहे का हे?"

"फुगा जमवते मी," आच कमी करत मावशी म्हणाल्या. "तुम्ही आधी खड्ड्यांना जागा द्या. या वेळी चोवीस लागतील."