डायरेक्टनाना आणि बिनकिल्लीची बुलेट

लोकांच्या शर्टाच्या खिशात पेन असतो, नानांच्या खिशात तार असायची. हातभर लांब, लाल रंगाची, दोन्ही टोकांना चिमटे लावलेली. चिकलठाण्याच्या एका कारखान्यात त्यांनी सारी नोकरी इलेक्ट्रिशियन म्हणून काढली होती. निवृत्त झाल्यावर सगळं सामान पेटीत गेलं, ही तार मात्र खिशात राहिली. लग्नाला जातानाही ती काढायचे नाहीत. काकू ओरडल्या की म्हणायचे, "अगं, किल्ल्या लग्नातच हरवतात."

माझी आणि त्यांची ओळख अशीच झाली. वडिलांची जुनी बुलेट घेऊन मी एका लग्नाला गेलो आणि पंगतीत किल्ली हरवून बसलो. कुणीतरी नानांना उठवून आणलं. जिलबीचा हात पुसत त्यांनी बॅटरीचं झाकण उघडलं, तार कुठूनशी कुठे लावली आणि हेडलाइटवरच्या मीटरचा काटा हलला. याला आमच्याकडे गाडी 'डायरेक्ट' करणं म्हणतात, म्हणून ते डायरेक्टनाना. गाडी सुरू झाल्यावर ते मला म्हणाले, "आता ही तार ओढल्याशिवाय बंद व्हायची नाय. घरी जा, कुलूप बदल आन मगच जेव." मी म्हटलं, जेवण झालंय. "मग दुसऱ्यांदा जेवू नको," म्हणाले.

पुढे आम्ही एकाच गल्लीत शेजारी झालो. रविवारी सकाळी विहारातली वंदना आटोपली की नाना ओट्यावर बसायचे आणि जुन्या गाड्या एकेक करत यायच्या. किल्ली हरवलेल्या, किल्ली आत तुटलेल्या, वायर उंदराने खाल्लेल्या. जयभीम घालून माणूस आपली कथा सुरू करायचा, ती नाना कधीच पुरती ऐकायचे नाहीत. हात वर करून थांबवायचे आणि म्हणायचे, "किक मार."

गाडी कोणाची हे ओळखायची त्यांची ही रीत होती. जुन्या बुलेटला किक मारणं म्हणजे नुसता पाय आपटणं नव्हे. किक हळूच दाबून बघायची, डाव्या हाताचा छोटा लिव्हर दाबायचा, इंजिनाचा दम काढून घ्यायचा, मग अंगाचा भार सोडायचा. प्रत्येक गाडीची खोडी वेगळी, ती तिच्या माणसालाच ठाऊक. तार जोडायच्या आधी नाना पायाकडे बघत राहायचे. "कागद खोटा असतो, तोंड खोटं असतं. पाय खोटं बोलत नाय," असं त्यांचं म्हणणं. मलाही ते फार पटायचं. आलेल्या पाहुण्यांना मी ते कौतुकाने सांगायचो.

एका रविवारी एक बाई एकटीच बुलेट ढकलत आली. पदर खोचलेला, घामाने चेहरा भिजलेला. पलीकडच्या वस्तीत राहणारी, कंपनीच्या कँटीनमध्ये कामाला जाणारी. तिला सगळे शोभाताई म्हणत, हे मला नंतर कळलं. ती म्हणाली, "मालकांची गाडी हाय. ते गेले तवा दवाखान्याच्या गडबडीत किल्ली कुठं पडली काय म्हाईत. एकदा चालू करून द्या, भाऊ. बंद ठेवली की खराब होते म्हणायचे ते."

"किक मार," नाना म्हणाले.

तिने चप्पल काढली, पाय ठेवला, जोर लावला. किक उलटी आली आणि नडगीवर बसली. ओट्यावर चार माणसं होती, त्यातलं कुणीतरी हसलं. नानांनी मान हलवली. "गाडी तुमची नाय, बाई. ज्याची हाय त्याला घेऊन या." ती काहीतरी सांगायला गेली, तर त्यांचा हात वर गेला. तिने चप्पल घातली आणि गाडी वळवून ढकलत नेली.

पुढच्या रविवारी तीच बुलेट घेऊन एक दणकट गडी आला. त्याने किक हळूच दाबून बघितली, लिव्हर दाबला, दम काढला आणि एका झटक्यात अशी किक मारली की नानांचा चेहरा फुलला. "बघ, हे गाडीचं माणूस," ते मला म्हणाले. तार जोडली, गाडी सुरू झाली. त्याला निरोप देताना नानांनी मोठ्या अभिमानाने सांगितलं, "मागं एक बाई आली व्हती ही गाडी घेऊन. मी नाय दिली चालू करून." तो हसला, "लई उपकार झाले" म्हणाला आणि जालना रोडला लागला.

गाडी नानांनी चालू करून दिली हे ऐकून दुसऱ्या दिवशी शोभाताई दारात आली. रविवारचा तो गडी तिचा दीर होता. शनिवारी रात्री त्याने अंगणातून गाडी नेलेली. नवऱ्याची म्हणून तेवढी एकच वस्तू घरात उरली होती. तरी नानांच्या तोंडून गेलंच, "पण तुम्हाला किक..."

"अहो, लग्न झाल्यापासून मी त्या गाडीवर मागं बसले," ती म्हणाली. "मला किक कुठून येईल? तो भावाची गाडी मागून न्यायचा, त्याला येती."

पोलिसात जा, असं मी सुचवलं. घरचंच माणूस, तक्रार कुणाची करू, म्हणून ती निघून गेली.

त्या दिवसापासून नाना खचले. विहारात वंदनेला ते बसायचे, पण 'न दिलेलं घेणार नाही' हे शील आलं की त्यांचा आवाज बंद व्हायचा, पुढच्या ओळीला पुन्हा सुरू व्हायचा. मी शेजारी असायचो, मला ऐकू यायचं. एकदा मी चिडून म्हटलं, "नाना, चोरी त्याने केली. तुम्ही कशाला जळताय?" ते म्हणाले, "तो चोर व्हता, त्यानं चोरी केली. मी कोण व्हतो?" मी आणखी चिडलो.

तार त्यांनी खिशातून काढून टाकली. ओट्यावर येणाऱ्यांना परत पाठवू लागले. आणि रविवार गाडी शोधण्यात जाऊ लागले. त्यांच्याकडे स्वतःची मोटारसायकल कधीच नव्हती, त्यामुळे माझ्या गाडीवर मागे बसायचे. क्रांती चौकातली गॅरेजं झाली, चिकलठाण्यातली भंगाराची दुकानं झाली. दिराने ती अजिंठ्याकडे विकली असं कानावर आलं, तर तिकडेही जाऊन आलो. परतताना संध्याकाळी ते मला शोभाताईच्या घराशी थांबवायचे, एकटे आत जायचे. "आज बी नाय सापडली, ताई," एवढं सांगायचे, चहा घ्यायचे, बाहेर यायचे. थंडी असो, ताप असो, हे चुकलं नाही. डॉक्टरांनी गाडीवर बसायला मनाई केली तेव्हा रिक्षाने जाऊन सांगून आले.

मागच्या हिवाळ्यात नाना गेले. गाडी सापडली नाही.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी शोभाताई आली. फुलं वाहून बाहेर मांडवात माझ्याजवळ येऊन बसली. तिला बरं वाटावं म्हणून मी म्हणालो, "तुमच्या गाडीची फार रुखरुख होती त्यांना. शेवटपर्यंत शोधत होते."

"गाडीचं काय," ती म्हणाली. "गाडी गेली तवा मी रडले बी नाय. चारचौघांत म्हणाले, गाडी तुमची नाय, बाई. तवा घरापर्यंत रडत गेले."

इतक्या चकरा, आणि त्या एका वाक्याबद्दल नाना कधी बोलले नव्हते. त्यांना ते सुचलंच नसणार. मलाही कधी सुचलं नव्हतं.

"तुम्ही सांगायचं होतं त्यांना," मी म्हणालो.

"दर रविवारी तोंडाशी यायचं," ती म्हणाली. "मग वाटायचं, हिंडू दे जरा. मी बी ढकलत नेली व्हती ना गाडी." तिने पदराने डोळे पुसले. "म्हातारा असा हिंडतच जाईल, असं नव्हतं वाटलं हो मला."

आतून काकूंनी तिला हाक मारली. ती उठली, चहाचे कप उचलायला गेली.