धनुष्याच्या पाठीवर रंधा

आमचे हे सुतार. दारं-खिडक्यांचे सुतार, हे आधीच सांगितलेलं बरं, कारण कुणी नुसतं सुतार म्हटलं की हे लगेच त्याला दुरुस्त करतात. टेबल, कपाट, पलंग यांनी कधी केला नाही. दार म्हणजे दार. बोटाने ढकलावं आणि आवाज न करता मिटावं. कुणाकडे जेवायला गेलो तरी यांचं पहिलं लक्ष बिजागरीकडे. यजमान बिचारा पाणी घेऊन उभा, आणि हे त्याच्या न्हाणीघराचं दार उघडून-मिटून बघतायत, असं मी स्वतः पाहिलंय.

अशा माणसाच्या उजव्या हाताची दोन बोटं करवतीच्या मशीनने नेली. अंगठ्याशेजारचं आणि त्याच्या पलीकडचं. जखम भरली, पण दुकानाला लागलेलं कुलूप काही निघेना. शेजारच्या औषधवाल्याला जागा वाढवायची होती, आणि आमच्या मुलाने त्याच्याशी बोलणंही करून ठेवलं. हे ना हो म्हणत, ना नाही. मला विचाराल तर मला दुकान विकायलाच हवं होतं. त्या दिवशी मशीनखालचा लाल झालेला भुसा मी माझ्या हातांनी भरलाय. तो ज्याने भरला नाही, त्याने मला दुकानाच्या माया-ममतेच्या गोष्टी सांगू नयेत.

तर असे दिवस चालले असताना गल्लीतला इस्त्रीवाला फडक्यात गुंडाळून दोन तुकडे घेऊन आला. त्याच्या आजोबांचं शिकारीचं धनुष्य होतं ते. भिंतीवर लावायचं म्हणून त्याने माळ्यावरून काढलं, घासूनपुसून चकचकीत केलं, मग हौसेने दोरी ओढून पाहिली, आणि ते मधोमध मोडलं.

"काका, जोडून द्या ना," तो म्हणाला.

"जोडीन. भिंतीवर छान दिसेल. पण वाकायचं नाही आता," हे म्हणाले. तुकडा डाव्या हातात घेऊन हे उलटा करत, सुलटा करत बसले. "मला सांग, मोडायच्या आधी हे वाकत कसं होतं? आणि वाकून परत सरळ?"

"ते आजोबांनाच ठाऊक," इस्त्रीवाला म्हणाला आणि गेला, कारण त्याची इस्त्री तापत होती.

प्रश्न मात्र आमच्या घरी राहिला. ज्या माणसाने आयुष्यभर लाकूड वाकू नये म्हणून जिवाचा आटापिटा केला, वाकलेलं दार दिसलं की ज्याची भूक मरते, त्याला कुणी सांगितलं की बाबा, एक वस्तू अशी आहे की ती वाकलीच पाहिजे. झालं, लागला नाद. जेवताना हे चमचा वाकवून बघायला लागले. माझी शिवणाची लाकडी पट्टी वाकवून मोडली. मी चिडले, पण खोटं कशाला बोलू, यांच्या डोळ्यांत बऱ्याच दिवसांनी काहीतरी हललं होतं, ते बघून बरंही वाटलं.

मुलगा आला तेव्हा यांनी खिळ्यावरची दुकानाची किल्ली काढली. "एक धनुष्य करून बघतो," हे म्हणाले. "जमलं तर दुकान राहील. मोडलं तर ही किल्ली औषधवाल्याला नेऊन दे. मी पुन्हा हूं की चूं करणार नाही."

"बाबा, धनुष्याचा आणि दुकानाचा काय संबंध?"

"हात चालतो की नाही ते कळेल."

मला वाटलं, बरं झालं, परस्पर सुटलं. दार करणारा माणूस धनुष्य कुठलं करतोय!

दुकानाच्या पोटमाळ्यावर तुतीचा एक ओंडका कित्येक वर्षं पडून होता. वाकडा, म्हणून दाराला बिनकामाचा, आणि लाकूड चांगलं, म्हणून फेकायला जिवावर आलेलं. यांनी तो खाली काढला. मला वाटलं, करवत लावणार. नाही. पाचरी ठोकून फोडला. "करवत आपल्या मनाने जाते. पाचरीने लाकूड त्याच्या मनाने फुटतं," असं इस्त्रीवाल्याच्या गावातल्या कुणा म्हाताऱ्याने फोनवर सांगितलं होतं म्हणे. दोन फाळ्या निघाल्या. एक बऱ्यापैकी सरळ, दुसरी पिळलेली आणि मध्ये गाठ. दार करणारा माणूस कुठली उचलणार, हे सांगायला नको.

मी डबा द्यायच्या निमित्ताने जायची आणि तिथेच बसून राहायची. म्हटलं, कुणीतरी लक्ष ठेवायला हवं. मशीनवर ताडपत्री होती, आणि हे तिच्याकडे पाठ करून काम करायचे. वाकसाने, म्हणजे त्या छोट्या कुदळीसारख्या हत्याराने, तासणं अंगठा आणि उरलेल्या बोटांनी जमत होतं, हळू, पण जमत होतं. धनुष्याला पाठ असते आणि पोट असतं हे मला तेव्हा कळलं. पोट आपल्याकडे, पाठ समोरच्याकडे. वाकवलं की पाठ ताणली जाते आणि पोट दबतं. मला हे भारीच वाटलं. मी घरी येऊन आरशासमोर वाकूनही पाहिलं, पण ते जाऊ दे.

मग यांनी पाठीवर रंधा मारला. हात आपोआपच गेला रंध्याकडे. काटकोन बघायचा गुण्या लावला, डोळा लावला, अशी सपाट पाठ की हात फिरवला तर कुठे अडकू नये. दोरी चढवली, धनुष्य भिंतीवरच्या खुंटीवर आडवं ठेवलं, दोरीला दोर बांधून तो खालच्या कप्पीतून घेतला आणि लांब उभं राहून हे तो ओढायला लागले. लांबून यासाठी, की धनुष्याचे दोन्ही हात सारखे वाकतायत का ते दिसावं. डावीकडचा ताठ दिसला की काढायचं, पोटाकडून काचेच्या तुकड्याने थोडं खरवडायचं, पुन्हा ठेवायचं. थोडं ओढ, थोडं खरवड. बघता बघता ते लाकूड वाकायला लागलं हो! मी डबा विसरले.

आणि फाट् करून आवाज आला. पाठीवरून एक लांब ढलपी उचकटली होती आणि धनुष्य मोडून लोंबत होतं.

यांनी ती ढलपी जागेवर दाबून पाहिली. दोर सोडला, हात झटकले, खिशातून किल्ली काढून माझ्या हातावर ठेवली. "पोराला दे."

मला हवी होती ती किल्ली. मी मूठ मिटून घरी यायला हवं होतं. पण माझी जीभ म्हणजे! "अहो, पण तिथेच का मोडलं?"

मी मोडलेला तुकडा उजेडात नेला. लाकडात दरवर्षी एक थर चढतो, त्याच्या रेघा पाठीवर दिसत होत्या. सगळीकडे त्या लांबच लांब गेल्या होत्या, आणि नेमकं मोडलं तिथे एकामागून एक तुटल्या होत्या. मी शिवणकाम करते. आडव्या धाग्यात कातरलेलं कापड ताणलं की काय होतं, ते मला कुणी सांगायला नको.

"हे तर तुम्ही आडवं कातरलंय," मी म्हटलं.

यांनी तुकडा हातात घेतला. मग इस्त्रीवाल्याचं मोडकं धनुष्य काढलं आणि दोन्ही शेजारी शेजारी धरली. तिथेही तेच. आजोबांनी पाठीवर अख्खा एक थर या टोकापासून त्या टोकापर्यंत राखला होता, आणि नातवाने हौसेने चकचकीत करताना तो घासून काढला होता. हे खाली बसले आणि हसायला लागले. किती दिवसांनी!

"सरळ करायला गेलो म्हणून मोडलं! अगं, मी सुतार नसतो तर जमलं असतं."

"दुसरी फाळी आहे की," मी म्हटलं आणि किल्ली त्यांच्या खिशात टाकली. का टाकली ते विचारू नका. मला बघायचं होतं, एवढंच.

दुसऱ्या फाळीला यांनी रंधा दाखवलाच नाही. दोन मुठींच्या सुऱ्याने वरचे थर एकेक करून सोलत एका थरापर्यंत आले आणि मग तो थर जिथे जाईल तिथे हे त्याच्यामागे. वर चढला की वर, वळला की वळून. गाठीपाशी टेंगूळ आलं, तेही तसंच ठेवलं. पाहून यांचा जीव वर-खाली होत होता.

"असलं दार मी केलं असतं तर गिऱ्हाइकाने जोड्याने मारलं असतं."

"दार नाहीये ते," मी म्हणायची.

कप्पीवर ते वाकडं धनुष्य असं गोल वाकलं की मी टाळी वाजवली. आता फक्त हाताने ओढून बाण सोडायचा राहिला. मुलाला बोलावलं. दुकानामागच्या बोळात भुशाचं पोतं उभं केलं. यांनी दोरी धरली, आणि उरलेल्या दोन बोटांतून ती सुटली. पुन्हा धरली, पुन्हा सुटली. अंगठ्याने ओढून पाहिली, नाही. मुलगा पुढे झाला, तर यांनी मानेने नको म्हटलं आणि धनुष्य माझ्यापुढे केलं.

"तू ओढ. कात्रीने बोटं घट्ट झालीयत तुझी. हनुवटीपर्यंत आण, त्यापुढे नाही. त्यापुढे मोडेल."

मी ओढलं. दोरी हनुवटीला लागली, आणि माझ्या मनात आलं, अजून वीतभर ओढलं की संपलं. औषधवाला येईल, ही जागा जाईल, आणि मला पुन्हा कधी कुणाची बोटं भुशात शोधावी लागणार नाहीत. कुणी मला दोषही देणार नाही. हे माझ्याकडे बघत होते. धनुष्याकडे नाही, माझ्याकडे. मला वाटतं, यांना सगळं कळलं होतं.

मी हनुवटीपाशी थांबले आणि सोडून दिलं. बाण पोत्याला न लागता मागच्या फळीत घुसला.

"म्हणजे दुकान राहिलं," मुलगा म्हणाला. जरा नाराजच झाला होता तो.

"दुकान राहू दे," मी म्हटलं. "पण ते मशीन जाऊ दे. ते इथे असेल तर मी या दाराच्या आत पाऊल टाकणार नाही."

"आई, मशीन नाही तर दारं कशी करणार बाबा?"

यांनी धनुष्याची दोरी उतरवली. मग म्हणाले, "हाताने होतील तेवढी करीन. जाऊ दे मशीन. मलाही त्याची भीती वाटते. पहिल्या दिवसापासून वाटते."

"मग बोलला का नाहीत?" मी विचारलं.

"बोललो असतो तर तू दुकान ठेवू दिलं असतंस?"

नसतं दिलं. पोरगा समोर होता, तरी मी यांचा तो हात धरला.