मच्छरदाणीतलं इंजिन आणि मांडूचा घाट

अप्पांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, मांडू पुन्हा एकदा बघायचं होतं. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर त्यांना कारमध्ये पाय दुमडून बसवत नाही. म्हणून मिलिंदने, माझ्या नवऱ्याने, शाळेची जुनी मिनीबस घेतली आणि सहा महिने खपून तिचं घर केलं. मागे अप्पांचा पलंग, मध्ये ओटा, ओट्याखाली गॅस सिलिंडर. मागचं आपत्कालीन दार कपाटाआड गेलं. जागा वाचली म्हणून मीच खूश होते.

इंदूरच्या माणसाचं स्वच्छतेचं वेड तुम्हाला ऐकून माहीत असेल. आमच्या बसमध्येही ओल्या-सुक्या कचऱ्याचे दोन डबे आहेत. निघायच्या आदल्या दिवशी मिलिंदने बसच्या तोंडावर, रेडिएटरसमोर, बारीक हिरवी जाळी ताणून बांधली.

"किडे नाही चिकटणार, धूळ नाही जाणार. गाडी एकदम चकाचक!"

मार्चमधल्या एका शनिवारी सकाळी सातला जुन्या इंदुरातून निघालो. वाटेत बेटम्याला थांबून पोहे-जलेबी खाल्ली, तिघांचे मिळून दीडशे रुपये. धारपर्यंत रस्ता लोण्यासारखा. तुम्ही गेलात तर असेच लवकर निघा, उन्हाच्या आत घाट चढून होतो. आम्ही मात्र धारला चहात तासभर घालवला.

घाट सुरू झाला, मिलिंदने दुसरा गिअर टाकला आणि मला तापमानाची सुई दिसली. एरवी मधोमध असते ती वर सरकत होती.

"अरे, सुई बघ."

"टेन्शन मत घेऊ गं. चढ संपला की उतरेल."

ती उतरली नाही. एका बाजूला दरी, मागे ट्रकचे हॉर्न. मी एसी बंद करून हीटर पूर्ण सोडला. त्याने इंजिनाची थोडी गरमी आत ओढली जाते, असं कुठेतरी वाचलं होतं. आत भट्टी झाली, तरी सुई लाल पट्ट्यात गेलीच. मग समोरून वाफ आली आणि जळका वास. मिलिंदने कशीबशी बस कडेला घेतली.

मी मागे वळून पाहिलं. पलंगावर अप्पा. त्यांच्या मागे कपाट. उतरायचं दार एकच, तेही इंजिनाशेजारी, आणि मध्ये सिलिंडर. आग लागली तर अप्पांना काढणार कुठून?

"अप्पा, उठा!"

"मला वेळ लागेल. तुम्ही दोघं उतरा पहले," ते शांतपणे म्हणाले.

मी सिलिंडर बंद करून नळी काढली, त्यांच्या काखेत हात घातला आणि ओढलंच. ते कण्हत होते, मी रडत होते. खाली उतरवून त्यांना दूर दगडावर बसवलं, तर मिलिंद फडकं घेऊन रेडिएटरचं झाकण फिरवायला निघालेला.

"ओ भिया! ढक्कन मत खोलना, मुँह जल जाएगा!" मागचा ट्रकवाला धावत आला. त्याने फॅनचा पट्टा पाहिला, पाण्याचे पाइप पाहिले, मग जाळी पाहिली आणि कपाळाला हात लावला. "इंजन को मच्छरदानी में सुला दिया? हवा कहाँ से लेगा?"

त्याने चाकूने जाळी कापली आणि तासभर थांबायला लावलं. इंजिन गार झाल्यावर कूलंट भरून आम्ही वर मांडूला पोहोचलो. अप्पांनी तलावाकाठी खुर्चीवर बसून समोरचा जुना महाल डोळे भरून पाहिला. मी सारा वेळ पार्किंगमधल्या बसकडे बघत होते. रविवारी उतरताना माझी नजर सुईवरून हलली नाही.

तेव्हा रेडिएटरसमोर काहीही बांधू नका. ऊन चढायच्या आत घाट चढा, सुई वर गेली की लगेच थांबा, गरम झाकणाला हात लावू नका.

घरी आल्यावर मिलिंद जाळीच्या चिंध्या काढत होता. मी पेचकस घेऊन कपाटाशी गेले. अप्पा वॉकर टेकत बसच्या दारापाशी आले.

"हे कपाट मागच्या दारासमोर बसवलंत ना, मला तेव्हाच खटकलं होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"माझ्यासाठी इतक्या हौसेने करत होतात तुम्ही."

मी पहिला पेच काढला.