दोघी बहिणींचा बोहो ड्रेस

मंडळी, दुपारपासून एक प्रश्न डोक्यात घोळतोय, म्हणून तुम्हालाच विचारतो.

माझ्या दादरच्या कपड्यांच्या दुकानात आज अनिता आणि सुनीता आल्या. पन्नाशीच्या जुळ्या बहिणी, पण चेहऱ्यात जराही साम्य नाही. घोडपदेवच्या त्यांच्या शाळेतल्या बॅचचं रियुनियन आहे आणि ग्रुपवर ठरलंय, सगळ्यांनी बोहेमियन, थोडक्यात 'बोहो' घालायचं. म्हणजे ढगळ, रंगीबेरंगी, आरामशीर.

"दादा, हिच्यासारखा ड्रेस नको हां!" अनिताने आल्या आल्या बजावलं. "बाबा कापडाचा एकच तागा आणायचे. दोघींचे फ्रॉक त्यातलेच, उरलेल्याचा खिडकीला पडदा. शाळेत मला कोणी नावाने हाकच मारली नाही. नुसतं 'ए जुळी'!"

"मग मला काय महाराणी म्हणायचे?" सुनीता म्हणाली.

मी दोघींना दुकानाच्या दोन टोकांना पाठवलं. बरीच उलथापालथ करून दोघी ट्रायल रूममधून बाहेर आल्या, तर अंगात सेम ड्रेस! निळा, तुकडे जोडलेला, खाली झालर.

सुनीताचा चेहरा उतरला. "तूच घे गं. मी घरातलं काहीतरी घालीन."

अनिता आरशात दोघींकडे बघत राहिली. मग म्हणाली, "गप गं. एकटीने घातला तर मला ओळखणार कोण?"

दोन्ही ड्रेस गेले. जाताना सुनीता हळूच विचारते, "याच कापडाचा पडदा मिळेल का हो?"

तर सांगा, इतक्या वर्षांनी शाळेतल्यांना भेटायला जाताना तुम्ही काय घालता? आज तुम्ही जसे आहात तसं, की त्यांना आठवत असाल तसं?