झाकण उघडण्याचा तुकडा

मी यंत्रांची माहितीपुस्तकं लिहिते. वाशीममध्ये भाड्याच्या खोलीत बसून, बाहेरगावच्या एका कंपनीसाठी. शेजारच्या बायकांना वाटतं मी ऑनलाइन साड्या विकते. मला समजावून सांगायचा मुळातच कंटाळा, म्हणून त्या समजुतीला मी हात लावलेला नाही.

इथे मात्र कामाची पद्धत सांगावीच लागेल. आम्ही पुस्तक सलग लिहीत नाही, तुकडे लिहितो. 'झाकण उघडणे' हा एक तुकडा, 'पट्टा बदलणे' हा दुसरा. एक्सएमएल नावाच्या संगणकी पद्धतीत प्रत्येक तुकड्याला खुणा असतात आणि एकच तुकडा अनेक थ्रेशरच्या, म्हणजे मळणीयंत्रांच्या, पुस्तकांत जाऊन बसतो. एका जागी सुधारलं की सगळीकडे सुधारतं. एखादं वाक्य एकाच मॉडेलपुरतं असेल, तर त्याला तशी खूण लावायची. मला ही पद्धत फार आवडायची. पुन्हा पुन्हा तेच टाइप करत बसणाऱ्यांची मी टर उडवायचे.

सोयाबीनच्या हंगामात कंपनीचा नवा थ्रेशर आला. थ्रेशर ट्रॅक्टरच्या जोरावर चालतो; या नव्याचं झाकण उघडलं की आतला फिरणारा ड्रम आपोआप थांबतो. म्हणून मी 'आधी ट्रॅक्टर बंद करा, ड्रम पूर्ण थांबू द्या' हे वाक्य काढलं. 'झाकण उघडा, अडकलेलं काड हाताने काढा' एवढंच ठेवलं. सगळ्या मॉडेलची पुस्तकं नव्याने निघाली आणि कंपनीच्या साइटवर चढली. शिरपूरकडे शेती करणाऱ्या मामाला त्याच्या जुन्या थ्रेशरचं पुस्तक मी मोबाइलवर लगेच पाठवलं. खरं सांगायचं तर मिरवायला.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिता पिता तेच पुस्तक सहज उघडलं. जुन्या थ्रेशरच्या पुस्तकातही माझं नवं वाक्य होतं. खूण लावायची राहिली होती. जुन्याचा ड्रम आपोआप थांबत नाही.

मामाला फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला, पुन्हा तेच. मामा कुणाचं ऐकणारा माणूस नाही, पुस्तक वाचून मशीन चालवणारा तर नाहीच नाही, असं मी स्वतःला बजावत होते. मग मामीला लावला.

"ते मळणीवर हायेत," मामी म्हणाली. "सकाळी सगळ्यायले बसवून तुयं पुस्तक वाचून दाखवलं त्यायनं. म्हने, आमच्या पोरीनं लिहेल हाय, आता असंच करा लागते."

दुसऱ्या कुणाचं पुस्तक त्याने उघडलंही नसतं. माझं होतं म्हणून त्याने आधी ट्रॅक्टर बंद करायची आयुष्यभराची सवय सोडली होती.

"मामी, पळत जा. मशीन बंद कराले सांग. फोन ठेवू नको!"

तिच्या बांगड्या आणि तिचा दम ऐकत मी खोलीच्या मधोमध उभी राहिले. थ्रेशरचा आवाज वाढत गेला. मग एकाएकी बंद पडला. मला इतकी भीती आयुष्यात कधी वाटली नव्हती. मामीने थांबवलं, की दुसऱ्याच कशाने थांबलं? फोन कानाशी धरवत नव्हता आणि खाली ठेववतही नव्हता.

"जयभीम. काय झालं वं बाई?" मामाचा आवाज आला.

"मामा, तुमचे हात?"

"हातायले काय झालं? दोनदा अडकलं, दोनदा चालू मशीनीतच काढलं. तू लिहेल हाय तसं. येकदा बाही ओढली गेली, फाटली थोडी."

मी खाली बसले आणि रडले. पुस्तक चुकलंय, चूक माझी आहे, पहिल्यासारखं ट्रॅक्टर बंद करूनच झाकण उघडा, असं कसंबसं सांगितलं. तो रागावला नाही.

"मी आत्ता बदलते मामा. येका जागी बदललं का सगळ्या पुस्तकात बदलते."

"ज्यायनं काल उतरवून घेतलं, त्यायच्या मोबाइलात बी?"

"नाही."

"मंग त्यायले कोन फोन करन?"

मी कंपनीला फोन लावला आणि चूक माझी आहे हे पहिल्याच वाक्यात सांगितलं. दुपारपर्यंत थ्रेशर विकणाऱ्या दुकानदारांना, गिऱ्हाइकांना फोन करून सावध करा, असे निरोप गेले. तोवर चालू मशीनमध्ये किती जणांनी हात घातला असेल, ते मला आजही माहीत नाही.